ॲक्सिलरेटर दाबताच गाडी का ओरडते?

वेग वाढवताना येणाऱ्या आवाजाचे मूळ ओळखण्याची रीत आणि त्यावरील उपाय

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत खासगी मोटारीच्या वापराची एक ठरलेली तऱ्हा आहे. नोकरदार मंडळी आठवडाभर घरापासून रेल्वे स्थानकापर्यंत दोन-तीन किलोमीटर गाडी नेतात. दिवसभर ती वाहनतळावर उभी राहते आणि रात्री तेवढेच अंतर कापून घरी परतते. रविवारी मात्र हीच गाडी चार-पाच माणसे आणि सामान घेऊन नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्याकडे, मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे किंवा बारवी धरणाच्या रस्त्याला निघते. आठवडाभर कुरबुरत असलेला दोष अशा वेळी चढणीवर ॲक्सिलरेटर दाबताच मोठ्याने बोलू लागतो.

गाडीने असा आवाज केला की दोन प्रकारची माणसे दिसतात. काही जण टेपचा आवाज वाढवून मूळ आवाज दडपतात. काही जण घाबरून गॅरेज गाठतात आणि ‘आवाज येतोय, बघा’ एवढेच सांगून मोकळे होतात. पहिल्या प्रकारात किरकोळ दोष मोठा होतो. दुसऱ्या प्रकारात अंदाजाने एकेक भाग बदलला जातो: आधी सायलेन्सर, मग माउंटिंग, मग क्लच प्लेट. पैसे जातात आणि आवाज राहतो. वास्तविक वेग वाढवताना येणाऱ्या बहुतेक आवाजांचे मूळ कुठे आहे, हे गाडीमालकाला स्वतःच बऱ्याच अंशी ठरवता येते. त्यासाठी हत्यारांची गरज नाही. एकाच प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते: आवाज नेमका कशाबरोबर वाढतो? इंजिनच्या फेऱ्यांबरोबर, चाकांच्या वेगाबरोबर, की इंजिनवर पडणाऱ्या भाराबरोबर?

तीन गोष्टी, तीन चाचण्या

ॲक्सिलरेटर दाबला की या तिन्ही गोष्टी एकाच वेळी वाढतात, म्हणून कानाचा गोंधळ होतो. त्या वेगळ्या करणे हेच निदानाचे सार आहे. उदाहरणार्थ, ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या छोट्या मोटारीचे चाक मिनिटाला साडेपाचशे ते सहाशे फेऱ्या घेते. त्याच वेळी वरच्या गिअरमध्ये इंजिनच्या फेऱ्या दोन हजारांच्या आसपास असतात. गिअर बदलला की इंजिनच्या फेऱ्या बदलतात, चाकाच्या मात्र तेवढ्याच राहतात. हा फरक आपल्या उपयोगाचा आहे.

पहिली चाचणी उभ्या गाडीवर करावी. मोकळ्या जागेत गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक लावून ॲक्सिलरेटर हळूहळू दाबावा. आवाज इथेच आला, तर दोष इंजिन, त्यावरील पट्टे, हवा आत घेणारी नळी किंवा सायलेन्सरच्या मार्गात आहे. चाके, बेअरिंग, ड्राइव्ह शाफ्ट यांचा संबंध उरत नाही.

दुसरी चाचणी सपाट, मोकळ्या रस्त्यावर करावी. ताशी ४० किलोमीटर वेगाने आधी चौथ्या आणि मग तिसऱ्या गिअरमध्ये जावे. वेग तोच असताना तिसऱ्या गिअरमध्ये आवाजाची पट्टी चढली, तर तो इंजिनचा आवाज. गिअर बदलूनही आवाज जराही बदलला नाही, तर तो चाकांकडून येतो. खात्रीसाठी दोन-तीन सेकंद क्लच पूर्ण दाबून पाहावा. इंजिनच्या फेऱ्या खाली येऊनही घूं-घूं चालूच राहिली, तर बेअरिंग किंवा टायर तपासायला हवेत. ही चाचणी उतारावर किंवा घाटात कधीही करू नये. तिथे गाडी गिअरमध्येच असली पाहिजे.

तिसरी चाचणी भाराची. अंबरनाथ किंवा बदलापूरमध्ये रेल्वेवरील उड्डाणपुलाची चढण त्यासाठी पुरेशी आहे. एकाच गिअरमध्ये, एकाच वेगाने आधी चढावे आणि पलीकडे उतरावे. आवाज फक्त चढताना आला आणि उतरताना नाहीसा झाला, तर तो भाराशी जोडलेला आहे. इंजिनातील नॉकिंग, घसरणारा क्लच, सैल झालेले माउंटिंग आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा हे या गटातले नेहमीचे संशयित.

सायलेन्सर: आतून कुजणारा भाग

वेग वाढवताना गाडी घोगऱ्या, फुटक्या आवाजात गुरगुरू लागली, तर पहिला संशय सायलेन्सरच्या मार्गावर घ्यावा. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीत दोन स्फोट होतात. मिनिटाला तीन हजार फेऱ्या असताना सेकंदाला शंभर. प्रत्येक स्फोटानंतर बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायूचा धक्का शांत करणे हे सायलेन्सरचे काम. वाटेत कुठेही भोक किंवा फट पडली की हे धक्के थेट बाहेर पडतात.

घर ते स्थानक एवढाच प्रवास करणाऱ्या गाड्यांत हा दोष लवकर येतो. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास तितकेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात सायलेन्सर पुरेसा तापतो आणि ही वाफ बाहेर निघून जाते. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत मागचा डबा थंडच राहतो; वाफेचे पाणी होऊन ते तळाशी साचते आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून धड दिसणारा सायलेन्सर म्हणूनच एखाद्या सकाळी अचानक फुटतो. त्यात पावसाळ्यातील चिखल-पाण्याची भर पडते. आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग वीस-पंचवीस किलोमीटर चालवली, तर हे पाणी बऱ्याच प्रमाणात सुकते.

फट कुठे आहे यावर उपाय ठरतो. सकाळी थंड इंजिनावर ‘टक-टक’ आवाज येत असेल, वेग वाढवताच तो वाढत असेल आणि गाडी तापल्यावर कमी होत असेल, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पॅकिंग गेलेले असण्याचा संभव असतो. धातू तापून फुगला की फट तात्पुरती मिटते. जोडापाशी काजळीचे काळे ओघळ दिसले, तर शंका उरत नाही. येथे पॅकिंग बदलणे, तुटलेले स्टड नवे घालणे आणि सर्व नट सारख्या ताणाने आवळणे हा इलाज. मधली जाळीदार, लवचीक जोडनळी फुटली असेल, तर तेवढाच तुकडा कापून नवा जोडता येतो. मागच्या डब्याला लहान भोक असेल, तर वेल्डिंगने काम भागते. मात्र पत्राच पातळ झाला असेल, तर ठिगळाशेजारी महिन्याभरात दुसरे भोक पडते. अशा वेळी डबा बदलणेच स्वस्त पडते. सायलेन्सर टांगून ठेवणारी रबरे तुटली असतील, तर वेग वाढवताना किंवा गतिरोधकावर तो खालच्या पत्र्यावर आपटतो. ही रबरे अगदी स्वस्त असतात.

या आवाजाकडे केवळ गोंगाट म्हणून पाहू नये. सायलेन्सरमधून जाणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. फट पुढच्या भागात असेल आणि खालच्या पत्र्याला किंवा रबरी पॅकिंगला भेग असेल, तर हा वायू गाडीत शिरू शकतो. आवाज वाढल्यापासून प्रवासात डोके जड होणे, चक्कर किंवा मळमळ असा त्रास होत असेल, तर काचा उघडाव्यात, गाडी थांबवून सर्वांनी बाहेर यावे आणि दुरुस्ती होईपर्यंत ती वापरू नये. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून सायलेन्सर तपासणे तर जिवाशी खेळणे आहे. याशिवाय ऑक्सिजन सेन्सरच्या आधी फट पडली, तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सर फसतो, इंजिनला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मिळते आणि मायलेज घसरते.

झणझणाट आणि खडखडाट

एका विशिष्ट वेगालाच पत्रा वाजल्यासारखा झणझणाट होतो आणि फेऱ्या थोड्या वाढल्या की थांबतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. सायलेन्सरच्या उष्णतेपासून गाडीच्या तळाचे रक्षण करणारा पातळ पत्रा, म्हणजे हीट शील्ड, त्याच्या बोल्टपाशी गंजून सैल होतो आणि ठरावीक कंपनाला थरथरू लागतो. गाडी पूर्ण थंड झाल्यावर हाताने हलवून पाहिल्यास तो सापडतो. नवा बोल्ट आणि वॉशर, किंवा पट्टीचा क्लॅम्प एवढ्यावर काम होते. हा पत्रा काढून टाकण्याचा सल्ला मात्र मानू नये. त्याच्या वर इंधनाच्या नळ्या, वायरी आणि गालिचा असतो.

खडखडाट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आतून येत असेल, तर गोष्ट वेगळी. थंड असताना त्यावर रबरी हातोडीने हलके ठोकल्यावर आत खडे वाजल्यासारखे झाले आणि गाडीचा पिकअपही कमी झाला असेल, तर आतली चिनी मातीची जाळी फुटलेली असते. हा भाग महाग आहे, म्हणून तो का फुटला हे आधी विचारावे. एखादा स्पार्क प्लग किंवा कॉइल नीट काम करत नसेल, तर न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि जाळी वितळते. मूळ मिसफायर दुरुस्त न करता नवा कन्व्हर्टर बसवला, तर त्याचीही तीच गत होते.

चढणीवरची किटकिट

चढणीवर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखी बारीक किटकिट होते, तिला नॉकिंग म्हणतात. स्पार्क प्लगने पेटवलेली ज्योत सिलिंडरभर पसरण्याआधीच उरलेले इंधन दाब आणि उष्णतेने आपोआप पेटते आणि त्या धक्क्याने धातू निनादतो. सतत नॉकिंग झाल्यास पिस्टनला इजा होते.

याचे सर्वांत साधे कारण चालवण्याच्या सवयीत असते. पेट्रोल वाचवण्याच्या भरात काही जण तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्येच पूल चढवतात. खालचा गिअर टाकताच किटकिट थांबली, तर गाडीत दोष नाही. खालच्या गिअरमध्येही ती चालू राहिली, तर इंजिन जास्त तापते आहे का, रेडिएटरमधील कूलंटची पातळी बरोबर आहे का, स्पार्क प्लग गाडीला योग्य त्याच प्रकारचे आहेत का आणि नॉक सेन्सर काम करतो का, हे पाहावे लागते. एखाद्या पंपावर इंधन भरल्यानंतरच तक्रार सुरू झाली असेल, तर पुढच्या वेळी दुसऱ्या पंपावर भरून फरक पाहावा.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीच्या मालकाला येथे एक सोपी तुलना करता येते. सीएनजीत नॉकिंग रोखण्याची शक्ती पेट्रोलपेक्षा पुष्कळ जास्त असते. तोच पूल, तोच गिअर आणि तोच वेग ठेवून पेट्रोलवर किटकिट आली आणि सीएनजीवर आली नाही, तर ते नॉकिंगच. उलट पेट्रोलवर गाडी शांत आहे आणि सीएनजीवर वेग वाढवताना धक्का बसून बॉनेटखाली ‘फाट्’ असा आवाज होतो, तर ठिणगी कमजोर असण्याचा संभव मोठा. सीएनजी पेटवायला जास्त जोरदार ठिणगी लागते, त्यामुळे झिजलेले प्लग आणि थकलेली कॉइल यांचे पितळ सीएनजीवर आधी उघडे पडते. प्लग वेळेवर बदलणे आणि अधिकृत केंद्रात किटची जुळवणी तपासून घेणे हा त्यावरचा उपाय. हे टाळले, तर एखाद्या दिवशी एअर फिल्टरचा डबाच फुटतो.

इंजिनाच्या आतला आवाज

बारीक टिक-टिक आणि खोल ठक-ठक यांतला फरक कानाला समजला पाहिजे. व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. म्हणून टॅपेटचा आवाज इंजिनच्या वरच्या भागातून, निम्म्या लयीत आणि हलका येतो. ऑइल कमी होणे, जुने होणे किंवा टॅपेटमधील अंतर वाढणे ही त्याची कारणे. सर्वांत आधी सपाट जागेवर डिपस्टिकने ऑइल पाहावे. अनेक गाड्यांचा आवाज तेवढ्यानेच उलगडतो.

ठक-ठक जड असेल, खालून येत असेल आणि ॲक्सिलरेटर दाबताच वाढत असेल, तर कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजल्याची शंका घ्यावी. त्याच वेळी ऑइलचा लाल दिवा लागला, तर इंजिन तत्काळ बंद करावे. घर जवळ आले आहे, एवढे अंतर काढू, हा विचार येथे फार महागात पडतो. बेअरिंग बदलण्याच्या खर्चाऐवजी मग संपूर्ण इंजिनच्या कामाचा खर्च येतो.

तीन सिलिंडरच्या गाड्यांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कमी फेऱ्यांवर त्यांची थरथर चार सिलिंडरपेक्षा जास्त जाणवते. तो दोष नव्हे. सीव्हीटी प्रकारच्या ऑटोमॅटिक गाडीतही जोरात वेग घेताना इंजिन एकाच चढ्या सुरात ओरडत राहते आणि गाडीचा वेग सावकाश वाढतो. नव्या मालकाला तो क्लच घसरल्यासारखा वाटतो, पण त्या गिअरबॉक्सची ती रीतच आहे. गेल्या महिन्यात नव्हता आणि आता आहे, असा आवाज मात्र कोणत्याही गाडीत तपासायलाच हवा.

पट्टे, हवेची नळी आणि माउंटिंग

ॲक्सिलरेटर दाबताच कर्कश किंचाळी येऊन काही सेकंदांत थांबत असेल, तर अल्टरनेटर आणि एसी फिरवणारा पट्टा तपासावा. इंजिन चालू असताना पट्ट्यावर दुरूनच थोडे पाणी शिंपडावे. आवाज लगेच वाढला, तर पट्टा सैल होऊन घसरतो आहे. काही क्षण आवाज बंद होऊन पुन्हा आला, तर एखादी पुली रेषेत नाही. पाण्याने काहीच फरक पडला नाही, तर पुलीचे किंवा टेन्शनरचे बेअरिंग संशयास्पद. या चाचणीच्या वेळी ओढणी, सैल बाही, मोकळे केस आणि हात पट्ट्यापासून लांब ठेवावेत.

हवा आत घेणारी नळी निखळली किंवा एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप लागली नाही, तर वेग वाढवताना भोंग्यासारखा आवाज येतो. सर्व्हिसिंगहून गाडी आल्याच्या दिवशीच आवाज सुरू झाला असेल, तर प्रथम हेच पाहावे. टर्बो डिझेल गाडीत शिट्टीसारखा आवाज, काळा धूर आणि कमी झालेला पिकअप हे तिन्ही एकत्र आले, तर टर्बोकडून इंजिनकडे जाणाऱ्या नळीला चीर गेलेली असते.

गाडी सुटताना किंवा रिव्हर्स घेताना ‘धप्’ असा एकच ठोका बसतो तेव्हा इंजिन माउंटिंगचे रबर फाटलेले असते. हँडब्रेक व ब्रेक घट्ट धरून, क्लच किंचित सोडून इंजिन किती उसळते ते दुसऱ्या माणसाने पाहावे. मात्र त्याने गाडीच्या समोर नव्हे, बाजूला उभे राहावे. माउंटिंग फार दिवस तसेच ठेवले, तर हलणारे इंजिन सायलेन्सरचे जोडही सैल करते. एका आवाजातून दुसरा जन्माला येतो तो असा.

क्लच, ड्राइव्ह शाफ्ट आणि चाके

इंजिनचा आवाज चढतो, फेऱ्या दाखवणारा काटा वर जातो, पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही, आणि सोबत जळका वास येतो, हे क्लच घसरल्याचे लक्षण. नेरळ-माथेरान घाटासारख्या खड्या चढणीवर अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवण्याची सवय असेल, तर क्लच प्लेट लवकर संपते. चढणीवर थांबताना हँडब्रेक वापरावा. क्लच दाबल्यावरच घरघर सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घरघर आणि दाबताच शांतता असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग पाहावे. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी असते. म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकाच वेळी बदलणे व्यवहाराचे ठरते.

वळण घेताना ॲक्सिलरेटर दिल्यावर कट-कट-कट असा आवाज आला, तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा सीव्ही जॉइंट झिजलेला असतो. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश एक गोल डावीकडे आणि एक उजवीकडे घ्यावा. आतला जॉइंट बिघडला असेल, तर सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरते. या सांध्यावरचे रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटले की आतले ग्रीस उडून जाते आणि चिखल व पाणी आत शिरते. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे शिंतोडे दिसत असतील आणि आवाज नसेल, तर नुसते बूट व ग्रीस बदलून निभावते. आवाज सुरू झाल्यावर संपूर्ण सांध्याचा खर्च येतो. दुर्लक्ष केल्यास सांधा तुटून गाडी भर रस्त्यात जागीच थांबते.

वेगाबरोबर वाढणारी एकसारखी घूं-घूं ही चाकाच्या बेअरिंगची खूण. उजवे वळण घेताना ती वाढली, तर बहुधा डाव्या चाकाचे बेअरिंग. कारण त्या वेळी भार डावीकडे पडतो. असमान झिजलेले टायरही असाच आवाज करतात. काँक्रीटच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर उतरताच आवाज पुष्कळ बदलला, तर टायर. बदलला नाही, तर बेअरिंग, असा ढोबळ नियम सांगता येईल. पुढचे टायर मागे घालून आवाजाची जागा बदलते का, हेही पाहता येते. बेअरिंगला हादऱ्यासह खुळखुळा आला असेल, तर गाडी चालवू नये.

पुराच्या पाण्यातून गेलेली गाडी

उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या काठच्या शहरांना हा विषय टाळता येत नाही. २६ जुलै २००५ चा प्रलय या पट्ट्याने अनुभवला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांना सुखरूप बाहेर काढावे लागले.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरलेले असताना स्टार्टर मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी कधी असे इंजिन सुरूही होते आणि पुढे वेग वाढवताना ठोके देऊ लागते. बॅटरीची जोडणी काढून गाडी ओढून न्यावी. एअर फिल्टर, इंजिन ऑइल व गिअर ऑइल तपासावे. ऑइल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. चाकांची बेअरिंग लगेच तक्रार करत नाहीत. पाण्याने ग्रीस खराब होते आणि घूं-घूं काही आठवड्यांनी सुरू होते. म्हणून पावसाळ्यात चाकांच्या निम्म्या उंचीपर्यंतच्या पाण्यातून गेलेली गाडी दसऱ्याच्या सुमारास एकदा जॅकवर घेऊन प्रत्येक चाक फिरवून पाहावे. साध्या सर्वसमावेशक विम्यात इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान बहुधा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते, हेही विमा नूतनीकरणाच्या वेळी पाहून घ्यावे.

गॅरेजमध्ये काय सांगावे?

मेकॅनिकला आपले निदान सांगू नये, निरीक्षण सांगावे. ‘क्लच प्लेट गेली आहे’ असे म्हटले, तर ती बदलली जाईल. ‘गाडी तापल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, पूल चढताना काटा वर जातो पण वेग वाढत नाही, सपाट रस्त्यावर त्रास नाही’ असे सांगितले, तर त्याला विचार करायला दिशा मिळते. आवाज थंड गाडीत येतो की गरम, उभ्या गाडीत येतो का, कोणत्या वेगाला व गिअरला, वळताना बदलतो का, आणि तो सुरू होण्यापूर्वी काय घडले (सर्व्हिसिंग, खड्ड्यातला दणका, पाणी, नवे टायर), या पाच गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. मोबाइलवर आवाज मुद्रित करून नेणेही उपयोगी पडते. शक्य असल्यास मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारावी.

खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्यावा, काढलेला जुना भाग परत मागावा आणि एका वेळी एकच दुरुस्ती करून फरक पाहावा. सुटे भाग घेताना खोक्यावरील क्रमांक गाडीच्या मॉडेलशी जुळवून पाहावा आणि बिल घ्यावे. नकली मालाचा विषय निघाला की ‘मेड इन यूएसए’ म्हणत उल्हासनगरचे नाव विनोदाने घेतले जाते. प्रत्यक्षात नकली बेअरिंग किंवा क्लच प्लेट कोणत्याही शहरात गळ्यात पडू शकते, आणि पक्के बिल देणारा प्रामाणिक दुकानदारही सर्वत्र आहे.

सायलेन्सरबाबत कायदाही लक्षात घ्यावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० अन्वये प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारी यंत्रणा असणे बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. हौसेने आतली जाळी काढून घेतलेला सायलेन्सर या तरतुदीत सापडतो.

आधी काय, नंतर काय?

सर्व आवाज सारखे गंभीर नसतात. ऑइलच्या दिव्यासह येणारी खोल ठक-ठक, खुळखुळणारे चाक आणि गाडीत शिरणारा सायलेन्सरचा वायू, या तिन्हींत गाडी तिथेच थांबवावी. वळताना येणारी कट-कट, घसरणारा क्लच, चाकाची घूं-घूं, किंचाळणारा पट्टा आणि खालच्या गिअरमध्येही न थांबणारे नॉकिंग यांसाठी त्याच आठवड्यात गॅरेज गाठावे. तोपर्यंत घाटाचा बेत रद्द करावा. हीट शील्डचा झणझणाट, टॅपेटची हलकी टिक-टिक (ऑइल पुरेसे असल्यास) किंवा माउंटिंगचा सौम्य ठोका पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबू शकतो, पण त्याची नोंद ठेवावी.

घाटाच्या सहलीला निघण्याच्या दोन दिवस आधी वर सांगितलेल्या तीन चाचण्या करायला पंधरा मिनिटे पुरतात. एकदा उभ्या गाडीत, एकदा सपाट रस्त्यावर आणि एकदा पुलाच्या चढणीवर, टेप बंद करून व काच खाली करून गाडी ऐकावी. ती शांत असतानाचा आवाज कानात बसलेला असला, की बिघाडाचा आवाज पहिल्याच दिवशी वेगळा ओळखू येतो आणि दुरुस्ती बहुधा स्वस्तात होते.